प्रवेशाच्या दारात थांबलेल्या मुलांसाठी एक खोली द्या

प्रति,
मा. अधिष्ठाता,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय,
बारामती, जि. पुणे

विषय : नीटनंतरच्या प्रवेशफेऱ्यांच्या काळात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या महाविद्यालयात मदत कक्ष सुरू करण्याबाबत



मी इंदापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली मुलं निमगाव केतकीच्या पानमळ्यांतून, लासुर्णे-भवानीनगरच्या ऊसपट्ट्यातून, पळसदेव-भिगवणकडच्या उजनीकाठावरून येतात. दरवर्षी त्यांतली काही नीट देतात. निकाल लागल्यापासून प्रवेशाची शेवटची फेरी संपेपर्यंत त्यांच्या घरांत जी घालमेल चालते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. ते मंत्रालयाला किंवा मुंबईच्या सीईटी कक्षाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण जे मागायचं आहे ते आपल्याच आवारात, आपल्याच माणसांकडून आणि फारसा पैसा न लागता होण्यासारखं आहे.

२०१९ साली बारामतीत शंभर जागांचं हे महाविद्यालय सुरू झालं. तोवर आमच्याकडच्या मुलासाठी सरकारी एमबीबीएस म्हणजे पुण्याचं बी. जे. नाही तर सोलापूरचं डॉ. वैशंपायन. आता इंदापूरहून सकाळच्या एसटीने निघालेला मुलगा दुपारच्या आत आपल्या आवारात येऊन परत जाऊ शकतो. तरीही माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी एमबीबीएस करणाऱ्या एकाही मुलाशी समोरासमोर बसून गप्पा मारलेल्या नसतात. आजीला दाखवायला ते रुग्णालयात येतात, केसपेपर काढतात, रांगेत थांबतात, औषधं घेऊन निघतात. ज्या दारातून आपल्याला आत जायचं आहे असं ते दोन वर्षं घोकत असतात, त्या दाराआड काय चालतं, हे त्यांना सांगणारं कोणी नसतं. मग ते इतर सगळ्यांना विचारत सुटतात.

काय विचारतात? “एवढ्या मार्कांना लागेल का?” “बारामती वर टाकू की सोलापूर?” “बीडीएस घेऊ की बीएएमएस?” “रिपीट करू का?” आणि या सगळ्यांच्या शेवटी येणारा एक प्रश्न : “पण नक्की ना?” हे प्रश्न वर्गशिक्षकांना विचारून होतात, अकॅडमीच्या सरांना विचारून होतात, औषध कंपनीत काम करणाऱ्या मामाला, बीएचएमएसला असलेल्या चुलत बहिणीला, गावातल्या डॉक्टरांना विचारून होतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. उत्तरं जुळत नाहीत म्हणून आणखी एकाला विचारलं जातं. फेऱ्यांच्या काळात माझा फोन रात्री अकरानंतरही वाजतो आणि पलीकडून येणारा प्रश्न बहुतेक वेळा सकाळीच विचारलेला असतो.

एका मुलीबद्दल सांगते. वडिलांचा थोडा ऊस, घरात दोन म्हशी, मुलगी अतिशय हुशार. पसंतीक्रम भरायच्या दिवसांत ती माझ्याकडे एक फुलस्केप घेऊन आली. त्यावर महाविद्यालयांची यादी पेन्सिलीने लिहिलेली होती आणि नावं इतक्यांदा खोडली होती, की कागद काही ठिकाणी विरला होता. प्रत्येक नावापुढे दोन-तीन शाईंत शेरे. निळ्यात अकॅडमीच्या सरांचं मत, लाल शाईत दाजींचं, हिरव्यात आदल्या वर्षीचा कटऑफ. तिचा प्रश्न एकच होता : सोलापूर तिसऱ्या क्रमांकावर ठेवू की चौथ्या? आम्ही बसून बोललो, तिला पटलं, ती गेली. इंदापूर स्टँडवरून तिचा फोन आला, “मॅडम, तिसरंच ना?” संध्याकाळी वडिलांच्या फोनवरून पुन्हा तेच. तीन दिवस तिने नीट जेवण केलं नाही. फॉर्म लॉक करायच्या वेळी तिचा हात धजेना, शेवटी धाकट्या भावाने बटण दाबलं. तिला यादीतलं तिसरं मिळालं नाही आणि चौथंही नाही. सातवं मिळालं. ज्या प्रश्नावर तिची झोप गेली, तो प्रश्न कामाला आलाच नाही. आज ती तिथे आनंदाने शिकते आहे.

ही मुलगी भित्री नव्हती. अंधाऱ्या रात्री मोटार चालू करायला एकटी विहिरीवर जाणारी मुलगी ती. मग या एका फॉर्मपुढे ती अशी का गळाठली? मला वाटतं, आपल्याकडच्या मुलांना यापूर्वी काही ठरवायलाच लागलेलं नसतं. शाळा घरच्यांनी ठरवली. दहावीनंतर सायन्स घ्यायचं हे मार्कांनी ठरवलं. अकॅडमी कोणती, हे गावातल्या पुढे गेलेल्या मुलाकडे बघून ठरलं. आणि अठराव्या वर्षी अचानक समोर एक पडदा येतो, त्यावर पन्नास नावं, आणि सगळे म्हणतात, “बघ बाई, तुझं आयुष्य आहे.” त्यात घरचा पैसा गुंतलेला असतो. अकॅडमीची फी उसाच्या बिलातून गेलेली असते, कधी सोसायटीच्या कर्जातून, कधी आईच्या पाटल्यांतून. चुकलं तर ते सगळं माझ्या नावावर, ही भीती त्या प्रत्येक “नक्की ना?”च्या पोटात असते. मुलाला माहिती हवी असते, पण तेवढीच नाही. उद्या बिनसलं तर “मॅडमनी सांगितलं होतं” असं म्हणता यावं, म्हणजे चुकण्याचा भार थोडा वाटला जाईल, असंही त्याला हवं असतं. यात लबाडी काही नाही. एवढा भार त्या वयाला एकट्याने पेलणं खरोखरच जड आहे.

पण या विचारण्याने भार उतरत नाही, हेही मी इतकी वर्षं बघते आहे. आपल्या मानसोपचार विभागाला यात नवं काही वाटणार नाही. चिंतेने घेरलेल्या माणसाला “काही होत नाही, सगळं ठीक आहे” असं सांगितलं, की त्याला लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणं ओसरलं, की शंका परत येते, आणि या खेपेला ती शमवायला आणखी भक्कम आश्वासन लागतं. दिलासा मिळत जातो तसतशी स्वतःच्या निर्णयावर उभं राहायची सवय मोडत जाते. म्हणून प्रेमापोटी दर वेळी “हो गं, नक्की” म्हणणारे आम्ही शिक्षक, मामा आणि दाजी, सगळे मिळून त्या मुलीची शंका वाढवतच असतो. आणि कंटाळून “आता तुझं तू बघ” म्हटलं, तर ती एकटी पडते. या दोन टोकांच्या मध्ये तिच्याशी बोलणारं कोणीतरी हवं आहे. ते काम आपलं महाविद्यालय करू शकेल, असा माझा विश्वास आहे.

मुलांच्या प्रश्नांच्या तीन राशी करता येतात. काहींची उत्तरं कागदावर असतात. काहींची उत्तरं फेरीचा निकाल लागेपर्यंत कोणापाशीच नसतात. आणि काहींची उत्तरं फक्त त्या मुलापाशी असतात. आज होतं असं, की तिन्ही राशी एकमेकींत मिसळतात आणि तिन्ही प्रकारचे प्रश्न एकाच माणसाला, एकाच सुरात विचारले जातात. त्या वेगळ्या करून दिल्या तरी मुलाचा निम्मा गोंधळ निवळतो.

आधी कागदावरची उत्तरं घेऊ. सरकारी महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या फेऱ्यांतून. दोन्हींचे अर्ज वेगळे, वेळापत्रकं वेगळी. राज्यात २०२० पर्यंत प्रादेशिक ७०:३० कोटा होता, तो त्या वर्षी रद्द झाला. त्याआधी प्रवेश घेतलेला दादा आजही जुन्या हिशेबाने सल्ला देतो. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी महाविद्यालयं सुरू झाली. वाशीम, हिंगोली, जालना, गडचिरोली, बुलढाणा अशी नावं यादीत आली आणि आधीचे कटऑफ त्या प्रमाणात हलले. मार्कांचं तर विचारूच नये. २०२४ च्या पहिल्या निकालात देशभरात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते; २०२५ मध्ये पेपर अवघड गेला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. म्हणजे एका वर्षीचे मार्क दुसऱ्या वर्षीच्या मार्कांशी ताडून बघणंच चुकीचं. रँकशी रँक ताडायला हवी. ही एक गोष्ट कळली नाही म्हणून जूनमध्ये आमच्याकडची कितीतरी घरं सुतकात बसल्यासारखी बसतात.

दुसरी गोष्ट पसंतीक्रमाची. मुलांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली आहे : ‘मोठं कॉलेज वर टाकलं आणि ते नाही मिळालं, तर खालचंही हातचं जाईल.’ हे खरं नाही. जागावाटप गुणवत्तायादीच्या क्रमाने होतं. मुलाची पाळी आली, की त्याची यादी वरून खाली वाचली जाते आणि त्याच्या हक्काची जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्याला मिळते. न मिळणारं नाव वर असल्याने खालच्या नावावरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तेव्हा जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर, आणि जिथे जायचंच नाही ते यादीतच नको, एवढं पुरेसं आहे. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडण्याचे नियम कडक होत जातात, म्हणून नको ते यादीत न टाकणं महत्त्वाचं. हे दोन-तीन वाक्यांचं स्पष्टीकरण आपल्या महाविद्यालयाच्या लेटरहेडवर मराठीत छापून मिळालं, तर ते शंभर फोनांचं काम करील. मी सांगितलं तर ते मॅडमचं मत होतं. आपण सांगितलंत तर ती माहिती होईल.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. आमच्या भागात धनगर समाज मोठा आहे, त्यांची मुलं भज-क प्रवर्गातून अर्ज करतात. मराठा मुलं २०२४ पासून एसईबीसीतून करतात. ओबीसी आणि अनुसूचित जातींची मुलं आहेतच. जात प्रमाणपत्र असतं, पण वैधता प्रमाणपत्र पुण्याच्या समितीकडे अडकलेलं असतं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते. अधिवासाचा दाखला तालुक्याच्या सेतूत पडून असतो. मुलगा मात्र रात्रंदिवस कटऑफचे अंदाज बांधत बसतो. कटऑफची चिंता करून एक मार्क वाढत नाही, पण दाखला वेळेत नसेल तर मिळणारी जागा जाते. इथे मुलाला समजुतीची गरज नसते. फाईल बघून “हा कागद नाही, हा आणा, या तारखेच्या आत आणा” असं सांगणारा एक जाणता लिपिक हवा असतो. असे लिपिक आपल्या विद्यार्थी विभागात बसतात. आमच्याकडे नाहीत, म्हणून पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांचं फावतं, आणि त्यांच्या मागोमाग ‘जागा मॅनेज करून देतो’ म्हणणारेही दारात येतात.

आता दुसरी रास. “लागेल का?” या प्रश्नाला खरं उत्तर ‘माहीत नाही’ हेच असतं आणि ते द्यायचं धैर्य कोणी करत नाही. “लागेल, काळजी नको” म्हणणारा प्रेमळ ठरतो, “अवघड आहे” म्हणणारा अनुभवी ठरतो, आणि दोघांपाशीही माहिती सारखीच असते. मुलाला इतकं सांगितलं तरी खूप आहे : तुझी रँक ही, गेल्या दोन वर्षांत या रँकला ही महाविद्यालयं मिळाली, यंदा थोडं वर-खाली होईल, निकाल अमुक तारखेला आहे, तोवर यापेक्षा जास्त कोणालाच कळणार नाही. ‘कोणालाच’ हे ऐकण्यात एक मोठी सुटका आहे. आपल्यालाच माहीत नाही आणि बाकी सगळ्यांना माहीत आहे, या समजुतीपायीच तो दारोदार फिरत असतो.

याच राशीतलं एक दुखणं पहिल्या फेरीनंतर सुरू होतं. जागा मिळते, मुलगा गोंदियाला किंवा नंदुरबारला जाऊन प्रवेश घेतो, पण मिळालेली जागा कायम ठेवण्याचा, म्हणजे स्टेटस रिटेन्शनचा, फॉर्म भरत नाही. पुढच्या फेरीत जवळचं काही मिळेल, अशी आशा असते. ती आशा गैर नाही आणि सोय नियमातच आहे. पण त्या काळात तो ना तिथे रमतो ना अभ्यासाला लागतो. रूम घेत नाही, पुस्तकं घेत नाही, रोज मोबाईलवर यादी बघतो. हार्वर्डमधले डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक निवडायला सांगितला. काहींना निवड नंतर बदलायची मुभा दिली, काहींची निवड तिथेच पक्की केली. ज्यांना बदलायची मुभा नव्हती, त्यांना आपला फोटो पुढे जास्त आवडू लागला. मुभा असलेले मात्र तितके समाधानी नव्हते. आणि तरीही आधी विचारलं तर बहुतेकांना मुभाच हवी असते. आमच्या मुलांना हे कळायला हवं, की फेऱ्यांसाठी नाव ठेवावं, पण मन त्या फेऱ्यांच्या दावणीला बांधू नये. जे महाविद्यालय हाती आहे, तिथे पहिल्या दिवसापासून राहायला लागावं. अपग्रेडेशन झालं तर बॅग उचलता येते.

तिसरी रास सगळ्यात अवघड. “रिपीट करू का?” नीट किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही राहिलेली नाही. ज्यांची एक संधी आजारपणात किंवा घरच्या अडचणीत गेली, त्यांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण दार कधीच बंद होत नसेल, तर निघायचं कधी हे कोणी सांगत नाही. पहिला रिपीट होतो, दुसरा होतो, तिसऱ्याला मुलगा बारामतीच्या एखाद्या अभ्यासिकेत बसलेला दिसतो आणि ओळखीचं कोणी आलं, की मान खाली घालतो. मुलींचं आणखी वेगळं. मुलाने रिपीट केला तर तो जिद्दी ठरतो. मुलीने केला तर त्याच वर्षी घरात स्थळांची चर्चा सुरू होते. ती “रिपीट करू का?” असं विचारते तेव्हा तिच्या मनात पुष्कळदा ‘घरचे एक वर्ष थांबतील का?’ हा प्रश्न असतो, आणि तो ती वडिलांसमोर विचारू शकत नाही.

इथे कोणी बाहेरून उत्तर देऊ नये. प्रश्न मात्र नीट विचारावेत. मार्क कुठे गेले, विषय कच्चा होता की वेळ पुरला नाही की परीक्षेत घाबरलास? पुढच्या वर्षी नेमकं काय वेगळं करशील? घरचा खर्च झेपेल का? आणि सगळ्यात मुळातलं : तुला डॉक्टरचं काम करायचं आहे, की डॉक्टर म्हणवून घ्यायचं आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरात बसून देता येत नाही. त्यासाठी एखादा दिवस वॉर्डात जावं लागतं, रात्रपाळी करून आलेल्या इंटर्नचा चेहरा बघावा लागतो, साडेचार वर्षं अभ्यास, मग एक वर्ष इंटर्नशिप, मग सरकारी सेवेचा बाँड, हे सगळं जगणाऱ्या मुलाशी बोलावं लागतं. मला खात्री आहे, असा एक दिवस बघून काही मुलं दुप्पट निश्चयाने अभ्यासाला लागतील, आणि काही जण शांतपणे म्हणतील, की हे माझं काम नाही, मी नर्सिंगला जातो, फिजिओथेरपीला जातो, शेतीत किंवा दुसऱ्या कशात जातो. दोन्ही निर्णय चांगलेच. ते स्वतः बघून घेतलेले असतील.

म्हणून माझं मागणं असं आहे.

नीटचा निकाल लागल्यापासून राज्याच्या फेऱ्या संपेपर्यंत आपल्या महाविद्यालयात एक खोली ठरावीक वारी उघडी असावी. तिथे तीन प्रकारची माणसं असावीत : कागदपत्रं तपासणारा एक लिपिक, याच भागातून आलेले दोन-चार एमबीबीएसचे विद्यार्थी, आणि मानसोपचार किंवा जनऔषधवैद्यक विभागातले एक शिक्षक. आठवड्यातून एक दिवस हेच पथक इंदापूरला यावं, कारण ज्या मुलीला गावाबाहेर जाऊ देत नाहीत तिला बारामतीही लांब पडते. पालकांसाठी वेगळी बैठक असावी, आणि त्यात त्यांना एवढंच सांगावं, की निकाल काहीही लागो, मुलाला घरात त्याची जागा आहे हे तोंडाने बोलून दाखवा. मनात धरून ठेवू नका. आणि वर सांगितलेली माहिती साध्या मराठीत एका पानावर छापून दोन्ही तालुक्यांच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात लावावी.

त्या खोलीचा एक नियम मात्र कडक असावा : तिथे कोणी भाकीत करणार नाही. “मिळेल” नाही आणि “मिळणार नाही”ही नाही. तोच प्रश्न मूल पुन्हा विचारू लागलं, तर पहिल्या वेळी त्याने स्वतःच्या हाताने लिहून काढलेला निर्णय आणि त्याची कारणं त्याच्यापुढे ठेवावीत आणि विचारावं, यानंतर नवीन काय कळलं? नवीन काही कळलं असेल तर जरूर बदल कर. नसेल, तर जे वाटतं आहे ती भीती आहे, आणि भीती घेऊनही फॉर्म लॉक करता येतो. त्या वेळी शेजारी कोणीतरी बसावं. एवढ्याने मूल निर्णय घ्यायला शिकतं, हे मी पाहिलेलं आहे.

काही मुलांचं मात्र यापलीकडे गेलेलं असतं. झोप नाही, अन्न नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. त्यांना त्या खोलीतून थेट आपल्या मानसोपचार विभागात नेता यावं, नंबर न लावता. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, पण हा क्रमांक माझ्या वर्गातल्या मुलांना माहीत नव्हता. तो त्या छापील पानावर ठळक असावा. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. आमच्या तालुक्यातल्या लहान कनिष्ठ महाविद्यालयांना असा माणूस मिळवणं कठीण जातं. आपल्याकडे तो आहे. तो वाटून घेऊ द्या.

आपण म्हणाल, आमच्यावर कामाचा बोजा आधीच आहे आणि हे काम सीईटी कक्षाचं आहे. बोजा मला दिसतो. ओपीडीच्या रांगा मी पाहिल्या आहेत. पण ज्या २०१९ साली आपली पहिली तुकडी आली, त्याच वर्षापासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं एटकॉम हे प्रशिक्षण रीतसर आलं. रुग्णाला खोटा धीर न देता खरं कसं सांगायचं, अनिश्चिततेत त्याच्याजवळ कसं बसायचं, हे आपले विद्यार्थी वर्गात शिकतात. ते शिकायला याहून चांगली जागा कोणती? शिवाय कुटुंब दत्तक उपक्रमात ते आसपासच्या गावांतल्या घरांत जातातच. त्या घरांपैकी कित्येकांत नीट दिलेलं एखादं मूल माजघरात पुस्तक मिटून बसलेलं असतं. रक्तदाब मोजून झाला, की त्याच्याशीही दहा मिनिटं बोलावं.

आणखी एक विचार करावा. आज जी मुलगी तिसरं की चौथं यात अडकली आहे, तीच सहा-सात वर्षांनी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटी असेल. समोर घोणस चावलेला ऊसतोड कामगार असेल, नाही तर अडलेली बाळंतीण असेल. हाती असलेली माहिती अपुरी असेल, विचारायला कोणी नसेल, आणि इथेच उपचार करायचे की बारामतीला हलवायचं, हे तिला काही मिनिटांत ठरवावं लागेल. चुकण्याची भीती तेव्हाही असेल. त्या भीतीसकट ठरवण्याची सवय प्रवेशाच्या पहिल्या फॉर्मपासून लागली, तर ती उद्या आमच्याच गावांच्या कामाला येईल. वैद्यकीय शिक्षण आपल्याकडे प्रवेशाच्या दिवशी सुरू होतं, असं कागद म्हणतात. माझ्या मते ते या फॉर्मपाशी सुरू होतं, आणि तिथे आज शिकवणारं कोणी नाही.

आमच्या बाजूने जे करता येईल ते आम्ही करू. इंदापुरात बसायला वर्गखोली देऊ, मुलांना आणि पालकांना निरोप देऊ, कागदपत्रांची पहिली तपासणी आमच्याकडेच करून पाठवू, आणि ज्या मुलीला एकटीला सोडत नाहीत तिच्याबरोबर आमच्यातली एखादी शिक्षिका एसटीने बारामतीला येईल. येणाऱ्या निकालाच्या आधी आपल्या सोयीची एक वेळ द्यावी. दोन्ही तालुक्यांतले आम्ही काही शिक्षक आराखडा घेऊन भेटायला येतो.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका,
इंदापूर